नवी आवृत्ती लिहायला घेण्यापूर्वी

औषधचाचण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या तुमच्या संगणकप्रणालीच्या नव्या आवृत्तीची सुरुवात पडद्यांच्या आराखड्यापासून करण्याचा तुमचा विचार आहे. त्याआधी दोन दिवस नाशिकच्या गंगापूर रोडवरील एखाद्या रुग्णालयात, परवानगी काढून, औषधचाचणीच्या समन्वयकाशेजारी बसावे, असे मी सुचवेन. ती रक्तदाब आधी कागदावर टिपते, ओपीडी ओसरल्यावर संगणकात भरते आणि १२८ ऐवजी १८२ पडल्याचे तिला संध्याकाळी उमगते. ही दुरुस्ती करताना जुना आकडा पुसला जाता कामा नये. तो, नवा आकडा, बदलणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण हे सारे एकत्र दिसले पाहिजे. इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीच्या अमेरिकेच्या १९९७ च्या 'भाग ११' नियमांतही जुनी नोंद झाकली न जाण्याची अट आहे.

आपल्याकडील औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार गंभीर दुष्परिणाम घडल्यापासून २४ तासांत कळवावा लागतो, म्हणून घटनेची वेळ आणि नोंदीची वेळ यांचे रकाने वेगळे ठेवावेत. पडद्यांचे रंग नंतरही ठरवता येतील.

खरी कसोटी जुन्या माहितीच्या स्थलांतराची. आमच्या एका स्थलांतरात ०३/०४ चा अर्थ उलटा लागला, ३ एप्रिलच्या भेटी ४ मार्चला जाऊन बसल्या, आणि ओळींची संख्या तंतोतंत जुळत असल्याने आठवडाभर कुणाला शंकाही आली नाही. तेव्हा केवळ बेरजांवर न विसंबता, कोणत्याही वीस रुग्णांच्या मूळ कागदी फायली काढून एकेक रकाना ताडून पाहावा, आणि चालू चाचण्या तोवर जुन्याच आवृत्तीवर राहू द्याव्यात.