धावपट्टीवरची सकाळ

प्रश्न : मे-जूनमध्ये मुलीकडे बर्लिनला राहणार आहे. रोज चालायला मोकळी जागा कुठे मिळेल?

उत्तर : काका, थेट टेम्पलहोफर फेल्ड गाठा. हा जुना विमानतळ २००८ साली बंद झाला आणि २०१० पासून लोकांसाठी खुला आहे. ३०० हेक्टरांहून मोठं मैदान, आणि आपण चक्क धावपट्टीवर चालतो! कडेला घरं बांधायचा बेत बर्लिनकरांनी २०१४ मध्ये मतदान करून हाणून पाडला, याचं मला फार कौतुक वाटतं. तुम्ही याल तेव्हा चंडोल गवतात, अगदी जमिनीवर, अंडी घालतात. त्या गवताभोवतीच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकू नका. बाहेरच थांबून वर बघा. इवलासा ठिपका आभाळात एका जागी फडफडत गात असतो. मी रोज थांबते. सावली जवळजवळ नाहीच, टोपी न्या.