पहिलीच गाडी, आणि तीही हजार सीसीच्या घरातली?

या महिन्यात मोठ्या ताकदीच्या मोटारसायकलींबद्दलची पत्रं सगळ्यात जास्त आली. त्यातल्या निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. प्रश्न जागेअभावी थोडे आटोपशीर केले आहेत.

मी इंजिनिअरिंगला आहे, वय २०. आजवर बाबांची स्प्लेंडर चालवली, तीही घर ते कॉलेज. आता घरचे गाडी घेऊन द्यायला तयार आहेत आणि मला कावासाकी झेड ९०० हवी आहे. मित्र म्हणतात, ‘एकदाच मोठी घे, सारखी बदलत बसायला नको.’ मी सांभाळूनच चालवीन. घेऊ का?
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

नका घेऊ. पहिली गाडी म्हणून तर नकोच.

सांभाळून चालवायचा तुमचा इरादा खरा आहे, यात शंका नाही. पण अपघात होतो तो इरादा आठवायला वेळच नसतो तेव्हा. स्प्लेंडरची ताकद साधारण ८ हॉर्सपॉवर आणि वजन ११२ किलो. झेड ९०० ची ताकद १२५ च्या आसपास आणि वजन २१० किलोच्या वर. वजन दुप्पट, ताकद पंधरापट. स्प्लेंडरवर खड्ड्यात चाक आपटलं, हाताला हिसका बसला आणि ॲक्सिलरेटरची मूठ जास्त पिळली गेली, तर इंजिन नुसतं ओरडतं. झेड ९०० वर तेवढ्याच हिसक्याने गाडी पुढे झेपावते आणि अंग मागे फेकलं जातं. तोल सावरायला तुम्ही हँडलला लटकता, त्यामुळे मूठ आणखी पिळली जाते आणि गाडी आणखी जोरात पळते. हे सगळं एका सेकंदाच्या आत घडतं. क्लच दाबला की सुटका होते, पण तो आपोआप दाबला जायला हाताला आधीची सवय लागते. ती सवय कमी ताकदीच्या गाडीवर चुका करूनच येते.

ब्रेकचंही तसंच. स्प्लेंडर चालवणाऱ्या बहुतेकांचा भर मागच्या ब्रेकवर, म्हणजे उजव्या पायावर असतो. मोठी गाडी जोरात थांबवताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं पडतं. थांबवण्याचं निम्म्याहून कितीतरी जास्त काम पुढचा ब्रेक करतो. तो एकदम आवळायचा नसतो. आधी हलका दाब देऊन पुढचा शॉकअप खाली बसू द्यायचा आणि मग दाब वाढवत न्यायचा. ही सवय मोडून दुसरी लावायला काही महिने जातात.

आता आपल्या जिल्ह्याचं बोलू. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोट, कोणत्याही रस्त्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला, आणि वेग सायकलच्या थोडा वर. हेडलाइटच्या खालच्या झोतात पुढचा साधारण चाळीस-पन्नास मीटर रस्ता नीट दिसतो. सुक्या, चांगल्या डांबरावर ताशी ६० च्या वेगात, दचकून ब्रेक दाबेपर्यंतचा एक सेकंद धरून, गाडी थांबायला साधारण ३७ मीटर लागतात. १०० च्या वेगात ८३ मीटर. म्हणजे ६० वर ट्रॉली दिसली तर तुम्ही वाचता, १०० वर ती दिसते तेव्हाच उशीर झालेला असतो. ब्रेक कितीही महागाचे असोत, हे गणित बदलत नाही. स्प्लेंडरवर १०० गाठायला दम लागतो. झेड ९०० साडेतीन-चार सेकंदांत तिथे पोचते, आणि इतकी गुळगुळीत पोचते की ६० वर आहोत असंच वाटत राहतं. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त फसवते ती ही गुळगुळीत चाल.

आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स मिळालं की त्यावर शंभर सीसीही चालते आणि हायाबुसाची १,३४० सीसीही. युरोपात तसं नाही. तिथे तुमच्या वयाला मधल्या पायरीच्या लायसन्सवर ३५ किलोवॅटपर्यंतचीच, म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवरची गाडी चालवता येते आणि पूर्ण लायसन्स त्यानंतर. आपला कायदा ही पायरी घालून देत नाही, म्हणून ती आपण स्वतः घालून घ्यावी.

आमचा सल्ला असा. १५० ते २०० सीसीची, १५ ते २५ हॉर्सपॉवरची, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) असलेली गाडी घ्या, शक्यतो जुनी. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक ऊस हंगाम ती चालवा. मग ४०० सीसीच्या गटात या. ट्रायम्फ स्पीड ४०० साधारण ४० हॉर्सपॉवरची आहे, केटीएम ३९० ड्यूक ४५ च्या पुढे जाते. ड्यूक जास्त चपळ आणि जास्त उतावळी, म्हणून पहिल्या चढतीला आम्ही स्पीड ४०० सुचवू. ‘सारखी बदलावी लागते’ या मित्रांच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली आहे. जुनी १५० वर्षभराने विकताना फार घाटा होत नाही. नवी झेड ९०० एकदा आडवी झाली की टाकी, लिव्हर, हँडल आणि इंजिनचं कव्हर यांच्या बिलात ती १५० येते.

मुलगा म्हणतो, नव्या गाड्यांना रेन मोड, ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस सगळं असतं, म्हणून धोका राहिलेला नाही. हे कितपत खरं?
— एक वडील, होटगी रोड

अर्धं खरं. एबीएस ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ देत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर ताकद कापतं. रेन मोडमध्ये ताकद कमी होते आणि मूठ मवाळ होते. तिन्ही गोष्टी कामाच्या आहेत आणि गाडीत असाव्यात. पण तुळजापूरच्या घाटात वळणावर वेग जास्त झाला, तर यातली एकही वस्तू वळण रुंद करून देत नाही. जूनच्या पहिल्या पावसात शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकाला चिकटलेली काळी माती डांबरावर टाकत जातात. त्या चिखलावर टायरला पकडच नसते, मग एबीएस पकडणार कशाला? शिवाय मोड एका बटणाने बदलतो. मुलगा रेन मोडवरच चालवेल हे तुम्हाला घरी बसून कळणार नाही.

खर्चाचाही हिशेब मांडा. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी आहे, ३५० पर्यंतच्यांना १८ टक्के. थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा दर २०२२ च्या तक्त्यात १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि त्यावर २,८०४ रुपये होता. मोठ्या गाडीचा मागचा रुंद रेडियल टायर आठ-दहा हजार किलोमीटरमध्ये संपतो. आणि ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर सोलापुरात नाही, तिच्या गाडीला पहिल्या १,००० किलोमीटरच्या सर्व्हिससाठी पुण्याला न्यायचं म्हणजे जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर. हे शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी विचारून घ्या.

मी शिक्षिका आहे, उंची पाच फूट दोन इंच. स्कूटर बरीच वर्षं चालवते. बुलेटसारखी दमदार गाडी घ्यायची आहे. पाय पुरतील का?
— एक वाचक, विजापूर रोड

ताकदीची काळजी नको, वीस हॉर्सपॉवरची ३५० तुम्हाला सहज जमेल. बघायचं ते वजन आणि सीटची उंची. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिलिमीटर आहे, हंटरची ७९०, मिटिऑरची ७६५. वजन मात्र तिन्हींचं १८० ते १९५ किलोच्या घरात. शोरूममध्ये नुसतं बसून बघू नका. घालायचे तेच बूट घाला, गाडी स्टँडवरून काढा, बसल्या बसल्या पायाने चार पावलं मागे ढकला, आणि उतारावर थांबवून पुन्हा निघून बघा. दोन्ही पायांचे चवडे टेकत असतील तर पुरे. स्कूटरची सवय असल्यामुळे डावा हात थांबताना ब्रेक समजून क्लच दाबेल. त्याने गाडी थांबत नाही, उलट मोकळी सुटते. म्हणून पहिले काही दिवस रिकाम्या रस्त्यावरच काढा.

हैदराबादहून सहाशे सीसीची चार सिलिंडरची जुनी गाडी स्वस्तात मिळते आहे. ही माझी दुसरी गाडी. काय तपासू?
— एक व्यापारी, नवी पेठ

आधी कागद. आरसीवरचा चॅसिस नंबर हँडलच्या मानेवर कोरलेल्या नंबरशी स्वतः जुळवा. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, परराज्यातून आणायची म्हणून फॉर्म २८ ची एनओसी, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागेल. तो धरून ‘स्वस्त’ किती उरते ते बघा.

मग गाडी. मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड ठेव. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन खराब स्टार्टिंग लपवतं. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवरून बोट फिरवा, तेल लागलं तर सील गेलं आहे. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यभागी ते किंचित अडकून बसत असेल तर बेअरिंगला खाच पडली आहे. गाडी कुठे आदळलेली आहे का, हे कळण्याची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे हँडल पूर्ण वळल्यावर टेकतं तो स्टॉपर. तो चेपलेला किंवा नव्याने रंगवलेला असेल तर पुढे काही न विचारता परत या. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चकतीचे, दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर चेनसकट सेट बदलायला आला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाच वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेला असतो, तो किमतीतून वजा करा.

तुमचा सल्ला मिळण्याआधीच मोठी गाडी घेऊन बसलो आहे. विकायची इच्छा नाही. आता काय करू?
— एक वाचक, बार्शी

मग शिका, आणि क्रमाने शिका. पहिले दोन महिने रेन मोड, मागे कुणालाही बसवायचं नाही, अंधारात बाहेर काढायची नाही.

शहराबाहेर नव्या प्लॉटिंगमधला रिकामा, सुका डांबरी रस्ता शोधा. आधी मूठ धरायची पद्धत बदला. बंद मुठीवर हात ठेवताना मनगट बोटांच्या सांध्यांच्या खाली राहील असं धरा. मनगट वर ठेवून धरलं तर हिसका बसल्यावर ते खाली पडतं आणि गाडी पळते. खालीच असेल तर फार पिळताच येत नाही. मग रेस न देता नुसत्या क्लचवर गाडी चालण्याच्या वेगात वीस मीटर न्या, पाय फूटरेस्टवर, नजर समोर. हात दुखेपर्यंत हेच करा. यू टर्न घेताना पुढचा ब्रेक अजिबात नको, वेग मागच्या ब्रेकने धरायचा. जड गाड्या सगळ्यात जास्त आडव्या होतात त्या इथेच, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लागल्यामुळे.

त्यानंतर ब्रेक. खडूने रेघ मारा. ३० च्या वेगात येऊन रेघेवर पुढचा ब्रेक दाबत न्या, किती अंतरात थांबली ते पावलांनी मोजा. तेच अंतर सलग पाच वेळा आलं की ४०, मग ५०. एबीएस लागल्यावर लिव्हर बोटाखाली थरथरतो. नवखा माणूस त्या थरथरीला घाबरून ब्रेक सोडतो. सोडायचा नाही, हे अंगवळणी पडेपर्यंत सराव करा.

वळणं शेवटी. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात मूठ अगदी थोडी आणि स्थिर ठेवायची, आणि नजर वळण संपतं तिथे. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल. डावीकडे वळताना हँडलची डावी बाजू हलकेच पुढे ढकला. गाडी डावीकडे कलते. ऐकायला उलटं वाटतं, पण ४० च्या वेगात एकदा करून बघितलंत की खात्री पटेल. हे जमल्याशिवाय हायवेवर जाऊ नका. चौपदरी रस्त्यावरही दुचाकीची कायदेशीर मर्यादा ताशी ८० आहे, आणि तेवढ्यासाठी तुमच्या गाडीला मूठ जेमतेम हलवावी लागते.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात जाकीट, ग्लोव्हज घालून माणूस शिजतो. पर्याय आहे का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

जाळीचं जाकीट घ्या. खांदे, कोपर आणि पाठीला पॅड असलेलंच. हवा ४२ अंशांची असते तेव्हा उघड्या हातावर लागणारा वारा अंग गार करत नाही, तापवतो. आतला सुती टीशर्ट भिजवून, पिळून घाला. आपली हवा कोरडी असल्याने अर्धा-पाऊण तास चांगला गारवा राहतो. गळ्याला ओला टॉवेल गुंडाळणार असाल तर टोकं जाकिटाच्या आत खोचा, चेनजवळ लोंबू देऊ नका. हेल्मेट आयएसआय मार्कचं, डोकं हलवलं तर गाल हलतील इतपत घट्ट. काळी काच दिवसापुरती, संध्याकाळी साधी काच लावा.

आणि उन्हाळा म्हणून टायरमधली हवा कमी करू नका. हवा सकाळी, टायर थंड असताना, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे भरा. चालल्यावर ती चार-सहा पॉइंट वाढलेली दिसणारच. ती वाढ कंपनीने धरलेली असते. गरम टायरमधून काढली, तर सकाळी तो तेवढाच कमी भरेल आणि दुपारी जास्त तापेल.