मरणाऱ्या पेशीही मोज

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परळच्या प्रयोगशाळेत रुजू झालीस, फार आनंद झाला. फोनवर विचारलंस, "दर सात वर्षांनी शरीर अख्खं नवं होतं ना?" ही समजूत आधी सोड. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं, तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि मेंदूच्या बाह्यपटलातल्या बहुतेक चेतापेशी आयुष्यभर त्याच राहतात. हृदयाच्या पेशी बदलतात का, हे कोडं फार उशिरा सुटलं. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, त्या काळात तयार झालेल्या पेशींच्या डीएनएत उतरला होता. त्यावरून स्वीडिश संशोधक योनास फ्रिसेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की पंचविशीतही हृदयस्नायूच्या पेशी वर्षाला जेमतेम १ टक्का बदलतात. हार्ट अटॅकनंतर हृदयावर व्रण उरतो तो यामुळेच.

म्हणून कुठलीही ऊती हातात घेतलीस की पहिला प्रश्न हा विचार: हिच्या पेशी जगतात किती? टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर केमो घेतलेली माणसं तुला रोज दिसतील. केस गेलेले, तोंड आलेलं, जुलाब लागलेले. केमोची बरीचशी औषधं विभाजन चालू असलेल्या पेशींना गाठतात आणि केसांची मुळं, तोंडाचं-आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा इथे विभाजन अखंड चालू असतं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी अल्पायुषी, म्हणून त्यांचा काउंट आठवड्या-दोन आठवड्यांत कोसळतो. तांबड्या पेशी टिकाऊ, म्हणून हिमोग्लोबिन सावकाश उतरतं. आयुर्मान कळलं की दुष्परिणामांची यादी पाठ करावी लागत नाही, आणि त्या माणसाला काय सोसावं लागतंय हेही कळतं. मला दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता मृत्यूबद्दल. पेशी स्वतःहून, शिस्तीत मरते त्या मृत्यूला केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये अपॉप्टोसिस हे नाव दिलं. पेशी आक्रसते, केंद्रक गडद होऊन तुटतं आणि शेजारच्या पेशी किंवा मॅक्रोफेज या भक्षक पेशी ते तुकडे गिळून टाकतात. दाह होत नाही. नेक्रोसिसमध्ये, म्हणजे इजेमुळे येणाऱ्या मृत्यूत, पेशी फुगून फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं आणि दाह भडकतो. अपॉप्टोसिसचा सगळा कारभार काही तासांत आटोपतो, त्यामुळे स्लाइडवर दोन-चारच मरताना दिसल्या तरी मृत्यू कमी आहे असं लिहू नकोस.

गाठ वाढते ती फक्त विभाजनाने नाही. फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिकापेशींच्या कर्करोगात बीसीएल-२ हे प्रथिन जास्त बनतं आणि पेशी मरायचंच नाकारतात. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध याच प्रथिनाला अडवतं. काही रक्तकर्करोगांत ते वापरात आहे. वाढीचा आलेख कुणी दाखवला तर मेल्या किती, हे विचारायला लाजू नकोस.

सुरुवात लहान आतड्याच्या स्लाइडने कर. क्रिप्टमध्ये, म्हणजे अस्तराच्या खोल खाचेत, विभाजन शोध, मग व्हिलसच्या, म्हणजे बोटासारख्या उंचवट्याच्या, टोकापर्यंत जा, तिथे पेशी गळतात. दोन्ही मोज, वहीत लिही आणि आकडे मला पाठव.

तुझी,
मॅडम