सावली तेवढी राहू दे

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू लॅपटॉपवर दोन फोटो शेजारी-शेजारी ठेवलेस आणि विचारलंस, "मावशी, यातला कुठला स्पर्धेला पाठवू?" घरात पाहुणे होते, गॅसवर चहा होता. मी "दोन्ही छान आहेत" म्हणून मोकळी झाले. ते खोटं होतं. तीन रात्री मनात सलतंय, म्हणून आज लिहायला बसले.

दोन्ही फोटो ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या उरवाई दरीतल्या एकाच तीर्थंकराच्या मूर्तीचे. पहिल्यात उजवा खांदा आणि कुशीची बाजू जवळजवळ काळोखात गेलीय. दुसऱ्यात तू ती सावली उजळवलीस. कानाच्या पाळीपासून बोटांच्या पेरांपर्यंत सगळं दिसतं, आणि मूर्ती कड्यावर डकवलेल्या कागदासारखी झालीय. हे तुझ्याही लक्षात आलं होतं. नाहीतर तू विचारायला आलाच नसतास. दुसऱ्याची चार लोकांनी वाहवा केली म्हणून तू गोंधळलास, एवढंच.

सावली पुसू नकोस. बाकी सगळं विसरलास तरी चालेल.

हे मी कोणत्या तोंडाने सांगते, तेही ऐक. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याजवळ बाबांचा फोटो स्टुडिओ होता. सतराव्या वर्षी मी रिटचिंगच्या मेजावर बसले. निगेटिव्हमध्ये सावलीची जागा पारदर्शक असते. तिथे टोकदार शिसपेन्सिलीने हलक्या हाताने भरत गेलं की प्रिंटमध्ये ती जागा उजळते. लग्नाच्या मुलींच्या डोळ्यांखालची, नाकाशेजारची, हनुवटीखालची सावली मी वीस वर्षं भरत होते. हात इतका बसला होता की बाबासुद्धा माझं काम ओळखू शकत नसत. त्यातल्या एकाही मुलीचा चेहरा आज मला आठवत नाही. सगळे एकसारखे गुळगुळीत.

आता तुझा फोन हेच काम तुला न विचारता करतो. कमी-जास्त उजेडाचे चार-पाच फोटो पटापट घेतो, एकात एक मिसळतो आणि सावलीतला अंधार काढून टाकतो. तुला वाटतं, फोटो चांगला आला. पहिल्यांदा ते बंद कर.

दगडाला स्वतःचा असा उजेड नाही. त्याचा उठाव डोळ्याला कळतो तो उजेड कुठे संपतो आणि अंधार कुठून सुरू होतो यावरून. ती सीमा गोलाईवर हळूहळू विरते, धारेवर तुटते. ती पुसलीस तर गाल आणि गालाचं चित्र यांत फरक काय राहिला? अर्धउठावाच्या शिल्पाला तर ऊन अगदी भिंत घासून आलेलं लागतं. खोली जितकी कमी, तितका उजेड तिरपा हवा. समोरून फ्लॅश मारलास की पाथरवटाची महिन्यांची मेहनत एका क्षणात सपाट होते. आणि दिवा एकच ठेव. दोन बाजूंनी दोन सारखे दिवे लावलेस तर एका नाकाला दोन सावल्या पडतात. आपल्याला सूर्य एकच आहे.

उरवाईच्या मूर्ती कड्यातच कोरून काढलेल्या. तोमर राजा डूंगरसिंह आणि त्याचा मुलगा कीर्तिसिंह यांच्या काळातलं, पंधराव्या शतकातलं हे काम. सगळ्यात उंच मूर्ती 57 फुटांची. बाबराने त्या फोडायचा हुकूम दिल्याचं स्वतःच लिहून ठेवलंय. पुष्कळ मूर्तींचे चेहरे तेव्हा छिन्नविच्छिन्न झाले, आणि पुढे श्रद्धाळूंनी चुन्याने पुन्हा घडवले. आता तुझा पहिला फोटो उघडून मानेजवळ बघ. दगड उजेड वेगळा घेतो, चुना वेगळा, आणि सांध्यावर सावलीची एक बारीक रेघ आहे. शतकांचा इतिहास त्या रेघेत बसलाय आणि तू दुसऱ्या फोटोत ती घालवलीस! मला रविवारी राग आला तो याचा.

त्या दरीत ऊन उशिरा उतरतं. आधी कड्याच्या माथ्याला लागतं, मग खाली सरकतं. तू किती वाजता गेला होतास? अकरा, म्हणालास. किती वेळ थांबलास? हे मी विचारलं नाही, पण उत्तर मला माहीत आहे. मूर्ती कोनाड्यात उभ्या आहेत, भर दुपारी वरच्या दगडाची सावली कपाळावर येते. एकाच मूर्तीसाठी चार दिवस चार वेळांना जा. किल्ल्यावर सास-बहूच्या देवळाची उत्तरेकडची बाजू बघ. सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या उत्तरार्धापर्यंत तिथे थेट ऊन पडतच नाही. जूनमध्ये मात्र सकाळी लवकर आणि संध्याकाळी ऊन भिंत घासून जातं. ज्याला ती बाजू हवी त्याने ग्वाल्हेरचा जून सोसावा. मी सोसला आहे.

मऊ उजेडाच्या मी विरोधात आहे असं समजू नकोस. 1840च्या दशकात छायाचित्रणाचा आद्य प्रयोगकर्ता टॅलबट याने ग्रीक वीर पॅट्रोक्लसच्या प्लास्टरच्या अर्धपुतळ्यावर कॅमेरा धरून किती प्रयोग केले! पुतळा उन्हात फिरव, प्रत्येक कोनाला वेगळं चित्र मिळेल, आणि सावलीकडच्या बाजूला जरा अंतरावर पांढरं कापड धर, म्हणजे काळोखात हरवणारा भाग किंचित उमटेल, असं तो सांगतो. किंचित. घरातला धुतलेला पंचा त्याला पुरे. ती सावलीला केलेली मदत आहे. घरी येऊन बोटाने सरकपट्टी ओढणं म्हणजे सावली नाकारणं. शिल्पकार रोदाँने लेखक बाल्झाकचा आपला प्लास्टरचा पुतळा उघड्यावर ठेवला आणि 1908 साली छायाचित्रकार स्टायकेनने तो चांदण्यात टिपला, लांब एक्स्पोजर देऊन, रात्रभर खपून. त्यात बटणं मोजता येत नाहीत. पण माणूस उभा आहे.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. एका संस्थेने मला मूर्तींच्या सूचीसाठी फोटो काढायला बोलावलं होतं. साहेबांचं म्हणणं एकच, सगळं स्पष्ट दिसलं पाहिजे. दोन्ही बाजूंना सारखे दिवे. मी दोन दिवस भांडले आणि तिसऱ्या दिवशी मान तुकवली. घरात दोन लहान मुलं होती, स्टुडिओचं भाडं थकलं होतं, बाबा अंथरुणाला खिळले होते. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं, असं मी स्वतःला अजून सांगते. त्यात उघड्यावर पडलेलं एक शिल्प होतं, गाणाऱ्या बाईचं. दहा वर्षांनी गेले तर वाळूच्या दगडाचे पापुद्रे सुटून चेहरा गेलेला. आता उरलाय तो माझा फोटो. त्यात ओठ दिसतात, पण ओठ किती उघडे होते ते कळत नाही. ती गात होती की नुसती हसत होती, हे माझ्यामुळे कुणालाच कधी कळणार नाही.

त्यानंतर मी दुसरा दिवा लावला नाही. कामं गेली, हट्टी म्हणवून घेतलं. त्याचं वाईट वाटत नाही.

स्पर्धेला पहिला पाठव. परत आला तर येऊ दे.

आणि किल्ल्याच्या पायथ्याशी गूजरी महालातल्या संग्रहालयात ग्यारसपूरच्या शालभंजिकेपुढे, म्हणजे झाडाखाली उभ्या स्त्रीच्या शिल्पापुढे, कॅमेरा न घेता एक सकाळ उभा राहा. ती जाळीआड आहे, हात तुटलेले आहेत. तरी कमरेचा बाक उजेडातून सावलीत कसा वळतो ते बघ. मग घरी आईला गौरीचा मुखवटा मागून घे. पितळी नको, तो चमकतो. शाडूचा घे. खोली अंधारी कर, एकच टॉर्च घे आणि ती कानापासून नाकापर्यंत हळूहळू फिरव. गौर आधी रागावलेली दिसते, मग दमलेली, मग प्रसन्न. कुठे काय होतं ते वहीत लिहून ठेव.

पुढच्या रविवारी वही घेऊन ये. फोटो आणलास तर मूळची फाईल आण, सुधारलेली आणू नकोस. पाहुणे नसतील.

तुझी मावशी