दात काढला, रक्त थांबेना. केस होईल का?

प्रश्न: आर्णी तालुक्यातला शेतकरी आहे. ९ वर्षांच्या मुलाची दाढ खासगी दवाखान्यात काढली. रात्रभर रक्त गेलं. दोनदा परत नेलं, दोन्ही वेळा कापसाचा बोळा बदलून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात रक्त चढवलं, हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) निघाला. दाताचे डॉक्टर म्हणतात, आजारच दुर्मिळ, माझा काय दोष?

उत्तर: भाऊ, डॉक्टरांचं अर्धं म्हणणं खरं आहे. साधारण ५,००० मुलग्यांत एकाला होणारा हा आजार तोंड पाहून कळत नाही. कित्येक घरांत तो आधी कुणालाच नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं, की डॉक्टरला साधारण कौशल्याच्या डॉक्टरच्या मापानेच मोजायचं. नुसतं 'आजार ओळखला नाही' म्हणून केस टिकणार नाही.

पण तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हापुन्हा वाचली. दाढ काढायच्या आधी वहिनी बोलल्या होत्या, "माह्या भावालेबी लागलं का रगत थांबत नसे." हा आजार बहुतेकदा आईकडून मुलाकडे येतो. मामाचं नाव निघाल्यावर हात थांबायला हवा होता, आधी रक्त तपासायला हवं होतं. त्यानंतरच्या दोन फेऱ्या तर मला जास्त गंभीर वाटतात. रक्त थांबत नसेल तर मोठ्या दवाखान्यात पाठवायला आजाराचं नाव माहीत असावं लागत नाही.

आता पुरावा. वहिनींचं बोलणं केसपेपरवर लिहिलंय का? नसेल तर तिथे हजर असलेल्याची साक्ष लागेल. दोन्ही फेऱ्यांची वेळ, पावत्या, केलेले फोन, सगळं आजच वहीत उतरवा. यवतमाळचे कागद लेखी अर्ज देऊन मागा. ते ७२ तासांत द्यावेत असा नियम आहे. समोरचा वकील विचारेल, दुसऱ्याच दिवशी यवतमाळला का नेलं नाही? खरं तेच सांगा.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, घटनेपासून २ वर्षांच्या आत. दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही.

आणि घरात कुणी वहिनींना बोल लावत असेल, तर ते आधी थांबवा. त्यांनी वेळेवर सांगितलं होतं, तुमची केस त्यांच्याच त्या वाक्यावर उभी आहे. त्यांच्या बहिणींना मुलगे असतील तर त्यांचंही रक्त तपासून घ्या.