लाल हृदयावरचा काळा डाग

प्रश्न : नमस्कार ताई, तालुक्याच्या गावी माझं फ्लेक्सचं दुकान आहे. कुठे हल्ला झाला, जवान गेले की रात्रीतच श्रद्धांजलीच्या ऑर्डरी येतात आणि सगळ्यांत तेच, मागे पूर्ण तिरंगा, मेणबत्ती, 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली वीस-पंचवीस जणांचे फोटो. करून देतो पण मनाला पटत नाही, देशाबद्दल मलाही तेवढंच वाटतं हो. बघणारा क्षणभर थांबेल, आपण सगळे एक आहोत असं त्याला आतून वाटेल असं डिझाइन कसं करायचं?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : दादा, पत्र वाचताना मला अमेरिकेतले ग्राफिक डिझायनर मिल्टन ग्लेझर आठवले. 'आय लव्ह न्यूयॉर्क'चा टी-शर्ट बघितला असेल ना, लव्हच्या जागी लाल हृदय असलेला, ते चिन्ह त्यांचं. १९७०च्या दशकात ते शहर दिवाळखोरीच्या दारात होतं, तेव्हा राज्याच्या पर्यटनासाठी त्यांनी ते टॅक्सीत बसल्या बसल्या एका पाकिटावर लाल क्रेयॉनने काढलं आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत.

मग ११ सप्टेंबर २००१ आला. ट्विन टॉवर पडले, एकट्या न्यूयॉर्कमध्ये २,७५३ माणसं गेली. ग्लेझर तेव्हा ७२ वर्षांचे. त्यांनी आपलंच जुनं चिन्ह घेतलं, 'मोर दॅन एव्हर' म्हणजे 'आता तर आधीपेक्षाही जास्त' एवढे शब्द जोडले आणि हृदयाच्या खालच्या डाव्या कडेला भाजल्यासारखा एक छोटा काळा डाग दिला, मॅनहॅटनच्या नकाशात टॉवर साधारण जिथे होते तिथेच. बस्स. झेंडा नाही, कोणाचा फोटो नाही. 'डेली न्यूज' या पेपरने ते छापलं. मला वाटतं ते भिडलं कारण ते हृदय पंचवीस वर्षं सगळ्यांच्या ओळखीचं होतं, त्यामुळे डाग बघितला की आपल्याच घरातल्या वस्तूला झळ लागल्यासारखं वाटतं, मग माणूस कुठल्या का जातीधर्माचा असेना.

त्याच महिन्यात 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाचं मुखपृष्ठही तसंच आलं, आर्ट स्पीगलमन आणि फ्रान्स्वाझ मूली यांचं, नुसतं काळं, नीट बघितलं की काळ्यात त्याहून काळे दोन टॉवर दिसतात.

आता तुमचं. गावातल्या प्रत्येकाच्या ओळखीची एकच गोष्ट शोधा. वेशीची कमान, एसटी स्टँड, तो जवान शिकला त्या शाळेची घंटा. ती साधी काढा, त्यात एकच बदल करा, बाकी जागा मोकळी सोडा. गिऱ्हाईक म्हणेल रिकामं दिसतंय, तरी सोडा.

तिरंग्याचं म्हणाल तर झेंड्यावर कुठलीही अक्षरं नकोत असं २००२च्या ध्वजसंहितेत स्पष्ट आहे आणि राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणाऱ्या १९७१च्या कायद्यात झेंड्याचं चित्रही झेंडाच धरलंय, म्हणजे मागे तिरंगा आणि वर नावं हे मुळात बसतच नाही, गिऱ्हाइकाला हेच सांगा. शिवाय पावसाळ्यात तोच फ्लेक्स कुणाच्या तरी वैरणीवर झाकलेला दिसतो, ते बघवत नाही हो.

आणि त्या पंचवीस फोटोंच्या जागी 'समस्त ग्रामस्थ' एवढी एकच ओळ टाका, एकी म्हणतात ती त्यात आली. फक्त छापायच्या आधी प्रूफ घेऊन त्या जवानाच्या घरी जाऊन या, आईवडिलांना दाखवा, ते काय म्हणतात ते शांतपणे ऐका, त्यांना नको वाटलं ते काढून टाका.