घरी बनवलेल्या पीसीबीला (इलेक्ट्रॉनिक भाग जोडायच्या तांब्याच्या थराच्या बोर्डाला) भोकं पाडायला कोणता ड्रिल आणि कोणते बिट घ्यावेत?

आधी बोर्ड कशाचा आहे ते बघा. तपकिरी फिनॉलिक कागदाचा असेल तर साधे एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचे) बिट चालतात. एफआर-४ या काच-इपॉक्सी बोर्डामधल्या काचेच्या तंतूंनी मात्र ते काही डझन भोकांतच बोथट होतात, मग तांब्याच्या कडा उचलल्या जातात आणि पॅड (भोकाभोवतीची, भाग सोल्डर करायची तांब्याची चकती) सुटतो. त्यासाठी टंगस्टन कार्बाइडचेच बिट हवेत, शक्यतो ३.१७५ मिमी जाड दांड्याचे.

कार्बाइड कडक, पण ठिसूळ. हातात धरलेला ड्रिल जरा तिरका झाला की ०.८ मिमीचा बिट तुटलाच. म्हणून मोटरपेक्षा स्टँडवर जास्त खर्च करा. घेण्याआधी स्टँडची मान बाजूला हलवून पाहा. डुगडुगत असेल तर नको. चकमध्ये (बिट पकडणाऱ्या भागात) बिट फिरताना टोक डोलता कामा नये. वेग मिनिटाला २०,००० फेरे किंवा अधिक. भिंतीला भोकं पाडायचा ड्रिल यासाठी फारच संथ.

आयसी आणि पाव वॅटच्या रेझिस्टरला ०.८, पिन हेडर व १एन४००७ डायोडला १.०, स्क्रू टर्मिनलला १.३ आणि एम३ स्क्रूला ३.२ मिमी. ०.८ चे बिट जास्तीचे ठेवा, तेच आधी तुटतात.

पॅडच्या मधोमध तांबं नसलेला बारीक ठिपका डिझाइनमध्येच ठेवला की बिट घसरत नाही. खाली एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचा) तुकडा ठेवा, नाहीतर मागची बाजू फाटते. काचेची धूळ फुप्फुसांना वाईट, त्यामुळे मास्क आणि चष्मा दोन्ही लावा.